पाठ केलेले इंग्रजी शब्द का विसरतात? डोकं कच्चं नसतं, उजळणीची वेळ चुकते

रात्री बसून पन्नास शब्द पाठ केले, दोन दिवसांनी पाचही आठवेनात. दहावी-बारावीच्या पोरांची ही नेहमीची तक्रार. मग घरचे म्हणतात, "याचं इंग्रजीत डोकंच नाही." पोरगंही तेच खरं धरतं आणि इंग्रजी सोडून देतं. पण विसरणं हा प्रत्येक मेंदूचा स्वभाव आहे.

जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये हे मोजून दाखवलं. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही काळाने तीच पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते बघायचं. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा जोर पहिल्याच दिवशी जास्त असतो, नंतर तो मंदावतो.

म्हणून उजळणीही पिकाच्या पाण्यासारखी पाळीपाळीने करावी. गव्हाला सगळं पाणी एकाच दिवशी देऊन भागत नाही, तसंच हे.

जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी खोक्याची पद्धत सांगितली. ती घरीही करता येते:

• चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करा.
• चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहा. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात ठेवा.
• मराठी शब्द बघून इंग्रजी शब्द आठवा, स्पेलिंग लिहा आणि मगच चिठ्ठी उलटा.
• बरोबर आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकला तर परत पहिल्या कप्प्यात.
• पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने काढा.

यामुळे अवघड शब्द वारंवार समोर येतात, सोप्या शब्दांवर वेळ जात नाही. मोबाईलवर 'अँकी' हे ॲप हेच काम करतं, अँड्रॉइडवर ते मोफत आहे. 'ड्युओलिंगो'च्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेलं गणितही असंच आहे. एखादा शब्द आठवण्याची शक्यता निम्म्यावर यायला किती दिवस लागतील, याचा अंदाज ते बांधतं.

नुसतं वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं. खरी परीक्षा आठवून लिहिताना होते. रोज दहाच नवे शब्द घ्या आणि प्रत्येकाचं एक वाक्य करा. आईवडिलांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. चिठ्ठी हातात धरून मराठी शब्द विचारणं त्यांना नक्की जमेल.