सहाशे ग्रॅमचा भाला आणि मिरकरवाड्याच्या मुली

ऑगस्ट १९८३. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. जागतिक मैदानी स्पर्धा इतिहासात पहिल्यांदाच भरली होती आणि महिलांच्या भालाफेकीची अंतिम फेरी संपत आली होती. ब्रिटनची फातिमा व्हिटब्रेड ६९.१४ मीटरवर आघाडीला होती. यजमान देशाच्या टीना लिलाकच्या हातात फक्त शेवटची फेक उरली होती. लिलाक धावत आली, भाला सुटला आणि ७०.८२ मीटरवर जाऊन रुतला. फिनलंडला त्या स्पर्धेतलं एकमेव सुवर्णपदक त्या फेकीनं दिलं.

महिलांच्या भालाफेकीत असं पुन्हापुन्हा घडलं आहे. २०१९ साली दोहामध्ये ऑस्ट्रेलियाची केल्सी-ली बार्बर पाच फेकींनंतर चौथी होती. सहाव्या फेकीत ६६.५६ मीटर गाठून ती जगज्जेती झाली. २०२३ मध्ये बुडापेस्टला जपानच्या हारुका कितागुचीनं शेवटच्या फेकीत ६६.७३ मीटर अंतर गाठलं आणि कोलंबियाच्या फ्लोर रुईझला मागे टाकलं. या खेळात शेवटचा भाला जमिनीला लागेपर्यंत कोणाचंच पदक पक्कं नसतं.

या खेळाबद्दल रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बसून लिहावं, याला कारण आहे. हे बंदर कोकणातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. होड्या लागल्या की धक्क्यावर लिलाव सुरू होतो, बर्फ फुटतो, मासळी निवडली जाते आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायका बाजाराकडे निघतात. खांदा, कंबर आणि पाय यांचं काम इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अशा घरांतल्या मुलींच्या हातात भाला आला तर काय होईल, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. उत्तर शोधण्याआधी हा खेळ नीट समजून घेऊ.

भाला जातो कसा

महिलांचा भाला ६०० ग्रॅम वजनाचा आणि २.२० ते २.३० मीटर लांबीचा असतो. पुरुषांचा ८०० ग्रॅमचा. १८ वर्षांखालील मुलींसाठी ५०० ग्रॅमचा भाला वापरतात. धावपट्टी चार मीटर रुंद आणि किमान ३० मीटर लांब असते. भाला दोरी गुंडाळलेल्या जागीच धरायचा, खांद्यावरून फेकायचा आणि शेवटच्या वक्ररेषेला पाय लागू द्यायचा नाही. भाला पडताना त्याचं टोक आधी जमिनीला लागलं नाही, तर फेक बाद.

पाहणाऱ्याला वाटतं, जोर हातात आहे. खरं तर हात सगळ्यात शेवटी कामाला येतो. खाडीत पाग टाकणारा माणूस आठवा. तो आधी पाय रोवतो, मग कंबर वळवतो, आणि मनगट उघडेपर्यंत जाळ्याला सगळा वेग मिळालेला असतो. भालाफेकीतही क्रम हाच आहे. खेळाडू सरळ धावत येते, मग बाजूला वळून पायांत पाय टाकत काही पावलं घेते. शेवटी पुढचा पाय ताठ रोवला जातो. धावणारं शरीर तिथे एकदम अडतं आणि तो वेग कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि कोपरातून भाल्यात जातो. ६५ मीटरच्या आसपासच्या फेकीत भाला हातातून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर असतो. हे सगळं क्षणार्धात घडतं. पुढचा पाय गुडघ्यात वाकला तर मागचा सगळा जोर वाया जातो. कोपर खाली पडलं तर फेक तर बिघडतेच, शिवाय कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंधही दुखावतो. म्हणूनच या खेळात नुसती ताकद पुरत नाही, बारकाईनं पाहणारा शिक्षक लागतो.

विक्रमांची दोन युगं

ऑलिंपिकमध्ये महिलांची भालाफेक १९३२ साली लॉस एंजेलिसला आली. अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सननं तेव्हा ४३ मीटरपलीकडे भाला फेकून सुवर्ण जिंकलं. १९८८ साली पूर्व जर्मनीच्या पेट्रा फेल्केनं बरोबर ८०.०० मीटरची फेक केली. तिथवर दुसरी कोणतीही महिला पोचलेली नाही.

आता पोचण्याचा प्रश्नही उरलेला नाही, कारण १९९९ साली महिलांच्या भाल्याची रचना बदलली. गुरुत्वमध्य पुढे सरकवला, त्यामुळे भाल्याचं नाक लवकर खाली झुकू लागलं, तो आडवा न पडता टोकावर उतरू लागला आणि अंतर मोजणं निर्विवाद झालं. पल्ला अर्थातच घटला आणि विक्रमांची वही नव्यानं उघडली. आजचा विश्वविक्रम चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोताकोव्हाचा आहे. तिनं तो १३ सप्टेंबर २००८ रोजी श्टुटगार्टला ७२.२८ मीटर फेकीनं केला. जागतिक स्पर्धेतला विक्रम मात्र क्यूबाच्या ओस्लेइदीस मेनेंदेसचा, ७१.७० मीटर, २००५ सालचा. तोही हेलसिंकीलाच झाला.

बालेवाडीतली स्पर्धा

असा मोठा सामना महाराष्ट्राच्या मातीतही झाला आहे. जुलै २०१३ मध्ये आशियाई मैदानी स्पर्धा पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत भरली. ती मुळात चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागाला तमिळनाडू सरकारनं विरोध केला आणि स्पर्धा तिथून हलली. महिलांच्या भालाफेकीत चीनच्या ली लिंगवेईनं सुवर्ण जिंकलं आणि श्रीलंकेच्या नदीका लकमालीनं रौप्य. ज्या देशाच्या खेळाडूंमुळे यजमानपद बदललं, त्याच देशाच्या मुलीला पुण्यात व्यासपीठावर मान मिळाला, ही गोष्ट पुणेकरांनी अभिमानानं सांगावी अशी आहे.

पुण्याची विजेती ली लिंगवेई चार वर्षांनी लंडनच्या जागतिक स्पर्धेत ६६.२५ मीटर फेकून रौप्यपदकाची मानकरी ठरली. म्हणजे जगात दुसरी येणारी भालाफेकपटू आपल्या मुलींना राज्यातच पाहायला मिळाली असती. किती शाळांनी आपल्या मुली तिथे नेल्या असतील?

उसाच्या शेतातून

भारतीय महिलांची या खेळातली कहाणी सांगायची तर मेरठजवळच्या बहादूरपूर गावी जावं लागतं. शेतकऱ्याची मुलगी अन्नू राणी क्रिकेट खेळताना चेंडू फार लांब फेकते, हे तिच्या भावाच्या, उपेंद्रच्या, लक्षात आलं. सुरुवातीचा सराव शेतातल्या उसानं झाला. वडिलांचा आधी विरोध होता. २०१४ साली लखनौला तिनं ५८.८३ मीटर फेक करून १४ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत तिला कांस्य मिळालं.

तिला घडवणाऱ्या प्रशिक्षकांत काशिनाथ नाईक यांचं नाव आहे. ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिरसीचे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले कांस्यपदक विजेते आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षक राहिलेले.

२०१९ मध्ये दोहाला अन्नूनं पात्रता फेरीत ६२.४३ मीटरचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि जागतिक स्पर्धेच्या भालाफेकीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीत ६१.१२ मीटरसह ती आठवी आली. २०२२ मध्ये अमेरिकेत यूजीनला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा बरोबर ६१.१२ मीटर आणि या वेळी सातवा क्रमांक. त्याच वर्षी जमशेदपूरला ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम झाला आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळालं. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ६२.९२ मीटर फेकून तिनं सुवर्ण जिंकलं. या प्रकारात हे सुवर्ण भारतीय महिलेला पहिल्यांदाच मिळालं.

या आलेखात उतारही आहेत. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत पोचली नाही. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेतही ५५.१८ मीटरवर थांबावं लागलं. तिथे तर ऑलिंपिक विजेती कितागुचीही दुखऱ्या कोपरामुळे मायदेशात पात्रता फेरीतच बाहेर पडली. सुवर्ण नेलं इक्वेडोरच्या ज्युलेसी अँगुलोनं, ६५.१२ मीटर फेकून.

आपल्या मुलींसाठी

इक्वेडोर, कोलंबिया, श्रीलंका, मेरठचं एक खेडं. ही भालाफेकीची जुनी माहेरघरं नव्हेत. कितागुचीसुद्धा बर्फाळ होक्काइदोमधली. लहानपणी ती पोहायची आणि बॅडमिंटन खेळायची. भाला तिच्या हातात शाळेच्या वरच्या वर्गांत आला आणि पुढे चांगल्या शिक्षकाच्या शोधात ती थेट चेक प्रजासत्ताकात जाऊन राहिली. या खेळाला घराण्याची परंपरा लागत नाही. शिकवणारं माणूस लागतं आणि मोकळी जागा लागते.

महाराष्ट्राच्या मुलींनी धावण्यात हे सिद्ध केलं आहे. नाशिकच्या कविता राऊत आणि साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर घरच्या गरिबीतून देशासाठी धावल्या. ललिता रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. धावायला रस्ता पुरतो. भाल्याला मात्र ऐंशी-नव्वद मीटरची रिकामी, सुरक्षित पट्टी हवी आणि ती दाट वस्तीच्या बंदरात मिळत नाही. आपली अडचण जागेची आणि शिक्षकाची आहे, अंगातल्या गुणांची नाही.

नीरज चोप्राच्या टोकियो ऑलिंपिकमधल्या सुवर्णानंतर भारतीय ॲथलेटिक्स महासंघानं ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय भालाफेक दिन ठरवला. निर्णय चांगलाच आहे, पण कोकणात तो ऐन पावसात येतो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून होड्या नुकत्याच निघालेल्या असतात, मैदानांवर चिखल असतो आणि ओल्या मातीवर पुढचा पाय रोवणं म्हणजे गुडघ्याला निमंत्रण. आपल्याकडचा भालाफेकीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो.

तेव्हा करण्यासारखं बरंच आहे. रत्नागिरीच्या शाळांनी बोथट टोकाचे हलके भाले आणावेत. क्रीडाशिक्षकांपैकी एकाला तरी पुण्याला शिकायला पाठवावं. शहरातल्या मोठ्या मैदानावर आठवड्यातली ठरलेली वेळ भाल्यासाठी राखावी आणि त्या वेळी दुसरं कोणी तिथे फिरकणार नाही याची काळजी घ्यावी. डिसेंबरात मुलींची तालुका स्पर्धा ५०० ग्रॅमच्या भाल्यानं घ्यावी आणि मिरकरवाड्यातल्या मुलींच्या आयांना पहिल्या रांगेत बसवावं. मुलीला मैदानावर पाठवायचं की नाही, हे शेवटी त्याच ठरवणार आहेत.