विश्लेषण : मालवाहू विमानाचे ‘गनशिप’ कसे होते? आणि भारताकडे ते का नाही?

हल्ला करणारे विमान म्हटले, की वेग आणि चपळाई आठवते. अमेरिकी हवाई दलाचे एसी-१३० या कल्पनेत बसत नाही. ते मुळात सी-१३० हर्क्युलिस हे चार इंजिनांचे संथ मालवाहू विमान आहे. त्याच्या डाव्या बाजूला तोफा बसवल्या, की त्याचे ‘गनशिप’ होते. भारतीय हवाई दलाकडेही याच कुळातील सी-१३०जे विमाने आहेत, पण त्यांचे काम वाहतुकीचे आहे.

सुरुवात कुठे झाली?

व्हिएतनाम युद्धात, डिसेंबर १९६४ मध्ये. अमेरिकेने जुन्या सी-४७ विमानांच्या डाव्या बाजूला तीन मिनीगन बसवल्या. प्रत्येक मिनीगन मिनिटाला सहा हजारांपर्यंत गोळ्या झाडू शके. सी-४७ म्हणजे आपल्याला परिचित असलेले डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना श्रीनगरला उतरवले ते याच विमानांनी. पुढे १९६७ मध्ये अधिक मोठ्या एसी-१३० ने हे काम हाती घेतले.

तोफा बाजूलाच का?

लढाऊ विमान समोर मारा करते. लक्ष्यावर झेपावते, काही सेकंद गोळीबार करते आणि पुढे निघून जाते. पुन्हा मारा करायचा, तर वळून यावे लागते. गनशिप मात्र घाण्याच्या बैलासारखे लक्ष्याभोवती गोल फिरते. विमान डावीकडे कललेले असते. त्यामुळे तोफांचा रोख सतत वर्तुळाच्या मध्यावर राहतो आणि डाव्या आसनावरील वैमानिकाला बाजूच्या खिडकीतून लक्ष्य दिसत राहते. पोटात जागा भरपूर, त्यामुळे दारूगोळाही भरपूर आणि विमान तासन् तास आकाशात थांबू शकते. नव्या एसी-१३०जे वर ३० मिलिमीटरची तोफ आणि १०५ मिलिमीटरची हॉवित्झर आहे. शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या छोट्या तुकडीसाठी हा मोठा आधार ठरतो.

मग धोका कोणता?

मोठे, संथ आणि एकाच वर्तुळात फिरणारे विमान टिपणे सोपे असते. म्हणून गनशिप शक्यतो रात्री उडतात. ३१ जानेवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील खाफजीच्या लढाईत एक एसी-१३० उजाडल्यानंतरही जमिनीवरील सैनिकांच्या मदतीसाठी थांबले. इराकी क्षेपणास्त्राने ते पाडले आणि त्यातील १४ जण मृत्युमुखी पडले.

दुसरा धोका खालच्या नागरिकांना असतो. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथे एसी-१३० ने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर मारा केला. त्यात ४२ जणांचा बळी गेला. रुग्णालयाचे ठिकाण अमेरिकी सैन्याला आधीच कळवलेले होते. तरीही दुसरी इमारत समजून त्यावर मारा झाल्याचे अमेरिकी चौकशीत आढळले. मारा कितीही अचूक असला, तरी लक्ष्य चुकीचे ठरवले गेले, तर त्या अचूकतेचा उपयोग नसतो.

भारताची निवड वेगळी का?

आपल्याकडे ‘गनशिप’ म्हणजे हेलिकॉप्टर : पूर्वी एमआय-२५ व एमआय-३५, आता अपाचे आणि स्वदेशी ‘प्रचंड’. तोफा लावलेल्या मालवाहू विमानाला निर्धोक आकाश लागते. पाकिस्तान आणि चीन या दोघांकडेही लढाऊ विमाने आणि विमानभेदी क्षेपणास्त्रे आहेत. त्यांच्यासमोर असे विमान फार काळ टिकणार नाही.

वाहतूक विमानातून हल्ला भारतीय हवाई दलानेही केला आहे. १९७१ च्या युद्धात एएन-१२ विमानांनी लाहोरजवळच्या चंगा मंगा जंगलातील साठ्यांवर रात्री बॉम्ब टाकले. पण ते टाकून परतायचे होते, घिरट्या घालत थांबायचे नव्हते.

शिवाय वाहतुकीची गरज मोठी आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये सी-१३०जे १६,६१४ फुटांवरील दौलत बेग ओल्डी येथे उतरले. एप्रिल २०२३ मध्ये याच प्रकारच्या विमानाने सुदानमधील अंधाऱ्या, खराब धावपट्टीवरून १२१ जणांना बाहेर काढले. मोजक्याच संख्येने असलेल्या या विमानांपैकी एकावर तोफा चढवल्या, तर अशा कामासाठी एक विमान कमी होईल.