अक्षर फिरवले, पण शिरोरेषेचे काय?

तुमच्याजवळ एखादी नोट असेल तर ती हातात घ्या. मागच्या बाजूला, एका उभ्या पट्टीत, नोटेची किंमत १५ भाषांत एकाखाली एक छापलेली दिसेल. अक्षरे बारीक आहेत, तेव्हा भिंग घेतलेले बरे. अशा नोटा छापण्याचे काम नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून चालत आले आहे. आज ही नोट आपण खर्च करायची नाही. तिच्या मदतीने भूमितीचा एक प्रश्न सोडवायचा आहे.

इंग्रजी पुस्तकात एखाद्या शब्दावर भर द्यायचा असला, की तो उजवीकडे कललेल्या टाइपात छापतात. या टाइपाला ‘इटॅलिक’ म्हणतात. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याने १५०१ साली अशा टाइपात आखखे पुस्तक छापले. टाइप कोरला होता फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने, आणि नमुना होता त्या काळच्या जलद हस्ताक्षराचा. भर देण्यासाठी त्याचा वापर पुढे सुरू झाला.

अलीकडे काही अक्षररचनाकारांनी निराळी युक्ती काढली आहे. अक्षर तिरपे ओढायचे नाही. आहे तसेच उचलून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडे फिरवायचे. याला ‘रोटॅलिक’ असे नाव मिळाले आहे. तिरपे करणे आणि फिरवणे यांत फरक तो काय?

टेबलावर दहा-बारा वह्यांची चळत रचा आणि बाजूने पट्टी लावून ती तिरपी ढकला. प्रत्येक वही आडवीच राहते. फक्त वरची जास्त सरकते, खालची कमी. हे झाले तिरपे करणे. आता तीच चळत पुन्हा सरळ रचून दोरीने घट्ट बांधा आणि एका बाजूने उचला. चळतीचा आकार जराही बिघडत नाही, पण आता एकही वही आडवी राहत नाही. हे झाले फिरवणे.

तिरपे करण्यात आकार बिघडतो तो किती? समजा, कल १२ अंशांचा आहे. १० मिलिमीटर उंचीच्या उभ्या दंडाचा माथा सुमारे २.१ मिलिमीटर उजवीकडे सरकतो. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. ‘र’च्या पायासारखी, उजवीकडे ४५ अंशांत उतरणारी रेघ आखूड होते. क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहत असल्याने ती सुमारे ११ टक्क्यांनी जाड होते. उलट उजवीकडे चढणारी रेघ लांबते आणि सुमारे १० टक्क्यांनी बारीक होते. फिरवलेल्या अक्षरात यातले काहीच घडत नाही. मग फिरवणेच चांगले नव्हे काय?

रोमन अक्षरांपुरते ते ठीक आहे, कारण छापलेले प्रत्येक रोमन अक्षर सुटे उभे असते. आपली देवनागरी अक्षरे मात्र शिरोरेषेला टांगलेली असतात. मोडी लिहिणारे कारकून तर आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत.

‘नवरस’ हा शब्द घ्या. प्रत्येक अक्षर १० मिलिमीटर रुंद आहे असे माना आणि ते जागच्या जागी ५ अंशांनी फिरवा. प्रत्येकाची रेषा डावीकडे वर, उजवीकडे खाली जाते. दोन अक्षरांच्या सांध्यावर जवळजवळ ०.९ मिलिमीटरची पायरी पडते. शिरोरेषेची झाली करवत! बरे, सबंध शब्दच फिरवला तर? रेषा अखंड राहते, पण शब्दाचे दुसरे टोक सुमारे ३.५ मिलिमीटर खाली उतरते आणि ओळ मोडते. तिरपे करताना मात्र आडवी रेघ आडवीच राहत असल्याने शिरोरेषा शाबूत असते.

आता नोटेकडे वळू. त्या १५ भाषांपैकी आसामी, बंगाली, कोकणी, मराठी, नेपाळी, पंजाबी आणि संस्कृत या सातांना अक्षरे जोडणारी शिरोरेषा आहे. तेथे फिरवण्याची युक्ती चालणार नाही. गुजराती, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ आणि तेलुगू या सहांची अक्षरे सुटी आहेत. तेथे ती करून पाहता येईल. उर्दू आणि काश्मिरी या दोहोंत अक्षरे एकमेकांना जोडून लिहितात, म्हणून तेथेही अडचण आहे. गंमत म्हणजे गुजराती लिपी देवनागरीची जवळची बहीण. केवळ शिरोरेषा नसल्याने तिला वाट मोकळी आहे.

मग मराठीने काय करावे? आपल्या छापखान्यांनी भर देण्यासाठी बहुधा ठळक टाइप किंवा एकेरी अवतरणचिन्हे वापरली. संगणकावर आता एक कळ दाबली की मराठी शब्द तिरपा होतो. पण ते काम बहुतेक वेळा नुसत्या गणिताने झालेले असते, आणि रेघांची जाडी वर सांगितल्याप्रमाणे बिघडते. चांगला तिरपा मराठी टाइप हवा असेल, तर कोणीतरी बसून एकेका अक्षराच्या रेघा पुन्हा दुरुस्त केल्या पाहिजेत.

तुमचे नाव पुठ्ठ्याच्या चौकोनांवर एकेक अक्षर करून लिहा. ते आधी मराठीत आणि मग गुजरातीत फिरवून पाहा. शिरोरेषेची करवत तुम्हाला लगेच दिसेल.