भट्टीवरचे बेचाळीस दिवस

बालमृत्यू म्हटले की मराठी वाचकाला मेळघाट आठवतो, जव्हारकडचे वावर-वांगणी आठवते. पनवेल आठवत नाही. २०१६ मध्ये महानगरपालिका मिळालेल्या, द्रुतगती मार्ग, बंदर आणि विमानतळ यांच्यामध्ये सापडलेल्या या तालुक्याला दुर्गम कोण म्हणेल? पण प्रबळगडाच्या आणि माथेरानच्या उतरणीवरच्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या याच तालुक्यातल्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. तरीही रायगड जिल्ह्याचा कोणताच भाग पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही. दुर्गमता किलोमीटरमध्ये मोजण्याची आपली सवय इथे फसते. कातकरी बाळापासून दवाखाना फार लांब नसतो. दवाखान्याच्या वहीतून मात्र ते वर्षातले निम्मे महिने गळालेले असते.

कारण दिवाळी सरली की वाड्या रिकाम्या होऊ लागतात. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात जंगल हातचे गेल्यावर आधी कोळसाभट्टीवर आणि मग वीटभट्टीवर गेली. पावसाळ्यात मालकाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोची जोडी पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीवर राबते. मजुरी हजार विटांमागे, तीही जोडीला. म्हणजे बाळंतीण बसून राहिली तर एकटीचा रोज बुडत नाही, जोडीचे काम मोडते आणि उचल अंगावर राहते. आई लवकर कामाला लागते, बाळ धुळीधुरात झोळीत राहते आणि अंगावरचे दूध तुटक होते. हे अज्ञानातून घडत नाही, मजुरीच्या हिशेबातून घडते. आरोग्यशिक्षणाची भित्तिपत्रके या हिशेबापुढे दुबळी ठरतात, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो की, आता बाळंतपणे दवाखान्यातच होतात. खरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थेत झाल्या. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील प्रत्येक चार बालकांमागे एक उंचीच्या मानाने वजनाने कमी निघाले. दवाखाना जन्म सांभाळतो. दोन-तीन दिवसांनी बाळ घरी जाते आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू होते. जंतुसंसर्ग, गारठा, अडीच किलोपेक्षा कमी वजन, स्तनपानातल्या अडचणी या गोष्टी घरात जाऊनच दिसतात. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नेमके हेच केले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळे तपासली, गरज पडली तेव्हा प्रतिजैविकेही दिली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. 'लॅन्सेट'मध्ये हे १९९९ मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये देशाने त्यावरून घरभेटींची योजना आखली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे.

या वेळापत्रकात एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे घर जागेवर असणे. गडचिरोलीच्या गावांत ते बहुतांशी होते. इथे तिसऱ्या दिवसाचे बाळ वाडीत आणि एकविसाव्या दिवसाचे भट्टीवर असू शकते. वाडीची आशा तिथवर जाणार नाही. शेतात, नदीकाठी उभी राहिलेली भट्टी यजमान गावच्या आशेच्या घरयादीत नसते. दुसरा आक्षेप असा की, राज्याने २०२२ मध्ये स्थलांतर नोंदवणारी प्रणाली आणलीच आहे. ती हवीच होती. पण बाळ कुठे गेले हे कळणे आणि तिथे त्याचे वजन घेणारी बाई पोहोचणे यांत अंतर आहे. आंतरराज्य मजुरांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. कर्जतहून पनवेलला येणारी जोडी त्यात बसली नाही.

कुणी म्हणेल, हंगामी भट्ट्यांची यादी ठेवणार कोण? ही सबब मला पटत नाही. विटांची माती गौण खनिज आहे. परवानगी आणि स्वामित्वधन यांसाठी महसूल खाते भट्टीच्या जागेपर्यंत पोहोचतेच. त्याच अर्जावर गरोदर बायका आणि सहा वर्षांखालील मुले यांची नोंद मागवावी, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी आणि यजमान गावच्या आशेला या बाळांच्या घरभेटींचे मानधन मूळ पत्ता न विचारता मिळावे.