ओवरीतले वर्तमानपत्र

बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीइतके रिकामे माणूस जगात दुसरे नसते. १९९८ सालच्या उन्हाळ्यात रत्नागिरीतल्या आमच्या आळीत अशी रिकामी मी एकटीच उरले होते. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती आणि माझ्या मैत्रिणी त्या नव्या गाडीने मुंबईला मावशी-आत्यांकडे पळाल्या होत्या. मी मात्र आजीच्या तावडीत सापडले.

"बाय गो, दुपारभर लोळतेस त्यापेक्षा देवळात ये. आम्हां म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखव. कोणाला मोतीबिंदू, कोणाचा चष्मा फुटलेला. तेवढेच पुण्य!"

पुण्याची मला फारशी ओढ नव्हती. पण देवळाच्या ओवरीत गारवा असे आणि आजी कनवटीला खोबऱ्याच्या वड्या घेऊन येई. मी कबूल झाले.

रोज चार वाजता सातआठ मंडळी जमत. बातम्यांपेक्षा त्यांवरची टीका अधिक रंगे. एका कोपऱ्यात खांबाला टेकून एक निवृत्त गणित-शिक्षक बसत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी आजोबा म्हणे. माझ्या वाचनाचे इतके कौतुक दुसऱ्या कोणी केले नाही. प्रत्येक बातमी संपली की मान डोलवून ते म्हणत, "उत्तम, उत्तम!"

महिनाभराने एके दिवशी स्थानिक पत्रातली निधनवार्ता मी वाचली. गेलेले गृहस्थ आजोबांचे जुने सहकारी होते. ओवरी गप्प झाली. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "उत्तम, उत्तम!"

कोणी हसले, कोणी 'शिव शिव' म्हणाले. आजी हळूच म्हणाली, "भ्रमिष्ट झालेत हो. त्यांच्या मुलांनी आंब्याच्या पेट्यांचा हिशेबसुद्धा काढून घेतलाय त्यांच्याकडून." ज्यांनी अर्ध्या गावाला त्रैराशिक शिकवले, त्यांच्या हातून वही गेली होती!

दुसऱ्या दिवशी ते लवकर आले. बाकी कोणी पोचले नव्हते. कालचा अंक मी त्यांच्यापुढे धरला आणि त्या बातमीवर बोट ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, चार ओळी वाचल्या आणि तोंड फिरवले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे काल वाचलेस? आणि मी काय बोललो?"

मी काहीच बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "मला ऐकू येत नाही गो. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. पेपर तर मी सकाळीच वाचून येतो. पण इथे आलो नाही तर घरी भिंतीशीच बसायचे. दर वेळी 'काय, काय' विचारले की लोक वैतागतात. 'उत्तम' म्हटले की कोणी वैतागत नाही."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या डोक्यात काही लख्ख प्रकाश पडला वगैरे नाही. मला नुसती लाज वाटली. महिनाभर मी ज्यांना वाचून दाखवीत होते, त्यांना एक शब्दही पोचत नव्हता आणि मी शाबासकी घेऊन घरी जात होते!

मी त्यांच्या सूनबाईंच्या कानावर घातले. त्या शहाण्या होत्या. त्यांनी आजोबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले आणि महिन्याभरात यंत्र आले. खिशात डबी आणि तिच्यातून कानाला तार, असा त्या वेळचा थाट. पहिल्या दिवशी आजोबांनी घरच्यांना विचारले, "हा नळ कोणी नीट बंद का करीत नाही?" सगळे आनंदले. आठव्या दिवशी यंत्र कपाटात गेले. "सगळेच मोठे झाले," ते म्हणाले. "भांडी मोठी, पंखा मोठा, कावळे मोठे. माणूस मात्र कळत नाही."

चष्मा लावला की दिसते. मग यंत्र लावले की ऐकू का येऊ नये? हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. निकाल लागला तेव्हा वडिलांनी बँकेच्या परीक्षेची पुस्तके आणून ठेवली होती आणि मी चौकशी करीत होते, की कानाचे हे शास्त्र शिकवतात कुठे. मुंबईला वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवण या विषयाची पदवी मिळते, असे कळले. वडील म्हणाले, "म्हाताऱ्यांच्या कानांत शिरून पोट भरते का कोणाचे?" आजीने बाजू घेतली आणि मीही त्या नव्या गाडीत बसले.

तिथे मला आजोबांच्या कावळ्यांचे उत्तर मिळाले. वयोमानाने अंतःकर्णातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि सामान्यतः उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. स्वर बहुधा खालच्या पट्टीत असल्यामुळे टिकतात. स, श, फ यांसारखी व्यंजने हरवतात. म्हणून 'सात', 'हात' आणि 'भात' सारखेच वाटू लागतात. माणूस ऐकतो, पण समजत नाही. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, हरवलेले व्यंजन परत येत नाही. आणि वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला यंत्रातला गलबला निवडायला पुन्हा शिकावे लागते. आधी शांत खोलीत थोडा वेळ, मग हळूहळू अधिक. नुसते यंत्र हाती देणे म्हणजे पोहणे न शिकवता माणसाला मांडवीच्या समुद्रात सोडणे!

अशा किरकोळ कामातून आयुष्याची वाट सापडलेली मी काही पहिली नव्हे. आमच्याच जिल्ह्यात दापोलीजवळचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. त्यांचा जन्म १८५८ चा. शाळकरी वयात सोमण गुरुजींच्या सांगण्यावरून ते दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. पुढे ते सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून तिथून परत पाठवले गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. देवळातल्या त्या वाचनाची तितकी नाही. १८९६ साली विधवांसाठी आश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या अण्णांनी सार्वजनिक कामाचे पहिले धडे गिरवले ते लोकांसमोर बसून, त्यांना हवे ते मोठ्याने वाचून.

तिकडे लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी मरणोन्मुख रुग्णांच्या एका इस्पितळात फावल्या वेळात स्वयंसेविका म्हणून काम केले. या लोकांच्या वेदनेकडे कोणी नीट पाहत नाही, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे आधुनिक पद्धतीचे शुश्रूषागृह उघडले. आधी माणसाजवळ बसणे, मग त्याची अडचण कळणे आणि शेवटी विद्या मिळवणे, असा हा क्रम. आपण मुलांना नेमके उलटे सांगतो: आधी शिक, नोकरी धर, माणसे काय, निवृत्तीनंतर आहेतच!

पहिल्या सुटीत घरी आले ती थेट आजोबांकडे गेले. कपाटातले यंत्र काढले. पंखा बंद, खिडकी बंद. उजेड माझ्या तोंडावर येईल असे समोरासमोर बसून मी हळू, स्पष्ट, न ओरडता मथळे वाचले. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा. पाचसहा दिवस "उत्तम, उत्तम" चालूच होते. सातव्या दिवशी एका आकड्यावर त्यांनी हात वर केला. "पुन्हा वाच. टक्केवारी चुकली आहे."

आकडा मी चुकीचा वाचला होता. आयुष्यात चूक दाखवली गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

त्यांना सारे ऐकू येऊ लागले, असे मी म्हणणार नाही. ओवरीतला गलका त्यांना शेवटपर्यंत झेपला नाही. पण आंब्याच्या पेट्यांची वही परत आली आणि पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हिशेबात दोन डझनांची चूक निघाली. मी तिसऱ्या वर्षाला असताना ते गेले.

आज मी रत्नागिरीतच हे काम करते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने देऊन ठेवले आहे: साठी ओलांडलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांना व्यवहार अडेल इतके बहिरेपण असते. २०१७ साली 'लॅन्सेट'ने नेमलेल्या आयोगाने तर कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये गणले. आणि आमचा जिल्हा कसा? २००१ ते २०११ या दहा वर्षांत इथली लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. तरुण मुंबईला, ओटीवर बसायला उरली आई-वडील मंडळी.

या दिवाळीला तुम्ही गावी जाल, फराळाची ताटे मांडाल. घरातले आजोबा किंवा आजी प्रत्येक बोलण्याला हसून मान डोलवीत असतील, तर त्यांना लगेच भ्रमिष्ट ठरवू नका. रेडिओ, दूरदर्शन बंद करा, उजेडात समोर बसा आणि काहीतरी विचारा; 'कसे आहात' नको, ज्याचे उत्तर 'उत्तम' असू शकत नाही असे काही विचारा. आणि घरात बारावी दिलेले रिकामे पोर असेल, तर पेपर त्याच्या हाती द्या. त्याला पुढे काय करायचे ते कदाचित सापडेल, कदाचित नाही. पण ओवरीतल्या कोणाला तरी आपले नाव घेऊन हाक मारलेली ऐकू येईल.