पेशव्यांच्या महालातले मुंबईचे बिऱ्हाड

गेल्या आठवड्यात ऐतिहासिक कादंबरीतल्या पत्रांविषयी लिहिले, आज खोलीविषयी. पेशवाईवरच्या प्रेमकथांतले नवरा-बायको मनातले बोलतात ते बहुधा एकाच जागी, महालात. समया तेवत असतात, दासी मुजरा करून पडद्याआड जाते, आणि राज्याची चिंता वाहणारा पुरुष तेवढ्यापुरता कुणाचा तरी नवरा होतो. हा प्रसंग आपण इतक्यांदा वाचला आहे की तो थेट दफ्तरातून उचलला असावा असे वाटते. माझे म्हणणे असे की हा एकांत अठराव्या शतकातला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मराठी कादंबरीत मुंबईच्या बिऱ्हाडात रुजला आणि पुढच्या लेखकांनी तो मागे नेऊन शनिवारवाड्यात ठेवला.

आधी वाडा पाहू. चौक, भोवती ओसरी आणि सोपा, त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. पुढचा भाग पुरुषांच्या राबत्याचा, माजघरापासून आतला बायकांचा. या विभागणीत सासू आहे, देव आहे, बाळंतीण आहे, पाहुणा आहे. नवरा-बायको ही जोडी नाही. वडीलधाऱ्यांदेखत बायकोशी बोलणे अमर्याद समजले जाई, म्हणून भेट रात्रीची, निजानीज झाल्यावर. शिवाय दालने एकमेकांत उघडणारी. आपल्या जागी पोहोचायचे तर दुसऱ्याच्या जागेतून जावे लागे. 30 ऑगस्ट 1773 ला दुपारी शनिवारवाड्यात गारदी शिरले तेव्हा नारायणराव पेशवे आपल्या दालनातून धावत काका रघुनाथरावांपर्यंत पोहोचले आणि गारदीही त्यांच्या मागोमाग तिथवर आले. इतिहासकार नारायणरावांच्या खुनाच्या या घटनेत कारस्थान शोधतात, ते योग्यच. पण दार लावून घ्यावे आणि आपण आत सुरक्षित असावे अशी जागा खुद्द पेशव्यालाही नव्हती, हेही तिच्यातून दिसते.

यावर आक्षेप येईल की शनिवारवाडा म्हणजे साधा वाडा नव्हे, तिथे वेगवेगळे महाल होते. होते, पण महाल म्हणजे एका माणसाच्या नावाने चालणारा सगळा परिवार: कुळंबिणी, खिजमतगार, पहारेकरी, नातलग बायका. मोठेपणाबरोबर माणसांची वर्दळ वाढते, एकांत नव्हे. खऱ्या अर्थाने वेगळी जागा मिळाली ती मस्तानीला. वाड्याच्या एका कडेला तिचा महाल आणि तिच्या नावाने ओळखला जाणारा दरवाजा. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने (1972) मराठी वाचकाच्या मनात बाजीराव-मस्तानीचे प्रेम पक्के केले, आणि 2015 च्या हिंदी चित्रपटाने त्याला आरसे आणि झुंबरे लावली. पण ती वेगळी जागा कशामुळे मिळाली हे विसरता येत नाही. देवघर आणि स्वयंपाकघर तिला बंद होते, पंगतीत तिला पान नव्हते, म्हणून महाल वेगळा. त्या वाड्यात एकांत मिळाला तो बहिष्काराच्या पोटी. पुढे बाजीराव नसताना तिला अटकेत ठेवण्यात आले, तेव्हा ही वेगळी जागा पहारा बसवायलाही किती सोयीची असते ते कळले.

मग कादंबरीतला प्रेमळ महाल आला कुठून? ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू पुण्याच्या भरल्या घरात नवऱ्याशी धड बोलू शकत नाही. मुंबईला बिऱ्हाड झाल्यावर दोघे वाचतात, गप्पा मारतात, एकमेकांना ओळखू लागतात. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (1910) तर ही ओढाताण प्रत्यक्ष संसारातली आहे. नवरा रात्री शिकवणार आणि दिवसा घरातल्या बायका त्या शिकण्यावरून टोमणे मारणार. नोकरी, बदली, भाड्याची जागा आणि शिकलेली बायको या चार गोष्टींनी मिळून मराठी मध्यमवर्गाला नवरा-बायकोची म्हणून एक खोली दिली. सहजीवनाची कल्पना त्या खोलीत वाढली. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 साली आली, तोवर दोन पिढ्यांना ती ओळखीची झाली होती आणि शहरात जागेची टंचाई असल्यामुळे हवीहवीशीही. माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे महालातले संवाद वाचताना त्या वाचकाला आपलेच राहिलेले बोलणे ऐकू आले असले, तर नवल नाही. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला आणि उरले तट, दरवाजे व जोती. मोकळ्या जोत्यावर लेखकाने आपल्या काळाची खोली बांधली, तिला अडवायला भिंतच नव्हती.

कादंबरीकाराला एवढेही स्वातंत्र्य नसावे का, असे कुणी विचारील. असावेच. रमाबाईंच्या मनाविषयी कागद जवळजवळ मुके आहेत. तिथे कल्पनेने शिरल्याशिवाय कादंबरी होणारच नाही. आणि खोली नव्हती म्हणून प्रेमही नव्हते, असे म्हणणे तर निव्वळ उद्धटपणा ठरेल. माझी तक्रार कलेपुरती आहे. महालाचा पडदा ओढला की लेखकाचे काम फार सोपे होते. जे बोलायचे ते पात्रे सरळ बोलून टाकतात आणि भरल्या घरात प्रेमाला जे मार्ग काढावे लागत ते सगळे वाया जातात: वाढताना केलेला आग्रह, तिसऱ्याकरवी पाठवलेला निरोप, ओसरीवरच्या बोलण्यात माजघराला उद्देशून टाकलेले एखादे वाक्य. त्या काळच्या प्रणयाची खरी भाषा यात होती, आणि तिच्यासाठी खोली नव्हे, गर्दी लागते.

‘स्वामी’तच याचा पुरावा आहे. माधवरावांचा क्षय बळावतो आणि मुक्काम थेऊरला हलतो. तिथे गणपतीच्या देवळाच्या आवारात वैद्य, कारभारी, आप्त, भटजी सगळ्यांचा राबता आहे. दोघांना पडदा ओढता येत नाही. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. ही अखेर ठाऊक असूनही कादंबरीचा हा भाग वाचकाला धरून ठेवतो, आणि माझ्या मते महालातल्या साऱ्या समयांपेक्षा त्याची धग जास्त आहे. सती जाण्यालाच प्रेमाची कसोटी मानण्याचा या कथांचा कल आहे; तो वेगळा आणि मोठा विषय, त्याकडे पुढच्या लेखांकात वळू.