मधुमेही रुग्णाचे उपाशी पोट

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास उपाशी ठेवण्यामागे ठोस कारण आहे. भूल दिल्यावर गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. अशा वेळी जठरातील अन्न वा आम्ल श्वासनलिकेत शिरल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते, प्रसंगी प्राणही जातो. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये या धोक्याचे सविस्तर वर्णन केले.

म्हणूनच हलक्या आहारानंतर किमान ६ तास व पाण्यानंतर २ तास थांबण्याचा नियम आहे. परंतु दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही व्यक्तींत जठराच्या हालचालींचे नियमन करणारे चेतातंतू क्षीण झालेले असतात. त्यामुळे उपवासाचे तास पूर्ण होऊनही जठरात अन्न शिल्लक राहू शकते. सेमाग्लुटाइडसारखी औषधेही हा विलंब वाढवतात.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. रुग्णास उताणे व नंतर उजव्या कुशीवर निजवून भूलतज्ज्ञ जठराचा खालचा भाग पाहतात. तो रिकामा असल्यास, किंवा त्यात वजनाच्या दर किलोमागे १.५ मिलिलिटरपर्यंतच स्वच्छ द्रव असल्यास धोका कमी समजतात. घन अन्न दिसल्यास शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकलतात. ती तातडीची असल्यास श्वासनलिकेत त्वरेने नळी बसवून श्वासमार्ग सुरक्षित करतात.

ही वेदनारहित तपासणी सर्वत्र होतेच असे नाही. म्हणून मधुमेह किती वर्षांचा आहे, थोडे खाताच पोट भरते का, कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटचा घास केव्हा घेतला, हे रुग्णाने व नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांस न विचारताही सांगावे.